ऑइल पातळ करण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अ‍ॅव्हरेज हवे असेल तर मिळेल ते सर्वांत पातळ इंजिन ऑइल टाका, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. इंजिने खोलून जोडणे हाच माझा धंदा असल्याने लिहितो आहे.

सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. पातळ ऑइल फिरवायला इंजिनाला कमी जोर लागतो, इंधन वाचते. पण किती? ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल सोडून त्याहून पातळ ०डब्ल्यू-२० टाकले तर साधारण एक-दोन टक्के. टायरांत हवा बरीच कमी असेल तर तेवढे तिथेच उडते, आणि हवा कोणी तपासत नाही.

लेखात 'डब्ल्यू'च्या आधीच्या आकड्यावरच भर होता. तो आकडा फक्त थंडीतला, थंड ऑइल किती पातळ राहते ते सांगणारा. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइले १०० अंशांना ४० च्याच ग्रेडची. तापलेल्या इंजिनाला राखतो तो नंतरचा आकडा, म्हणजे २०, ३०, ४० ही ग्रेड. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला धरणारा बेअरिंगचा शेल यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट असते. भार आला की त्यातली ऑइलची फिल्म एका बाजूला मायक्रॉनपर्यंत उतरते. ती टिकेल का, हे १५० अंशांना, जोरदार रगड्याखाली मोजलेल्या घट्टपणावर ठरते. ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या प्रमाणात त्या घट्टपणाची किमान पातळी २० ग्रेडला २.६ मिलिपास्कल-सेकंद, ३० ला २.९, तर ५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलला ३.५ आहे. फिल्म वारंवार तुटलेला शेल हातात घ्या: करडा थर मधोमध घासून गेलेला आणि खालचे तांबे चमकणारे. ते तांबे दिसेपर्यंत गाडी काहीच तक्रार करत नाही.

मग कंपन्या २० ग्रेड का सांगतात? एक तर त्या इंजिनांचे पंप, बेअरिंग, फटी त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. तिथे पातळ ऑइल खुशाल टाका. दुसरे कारण कायद्याचे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी अ‍ॅव्हरेजवर बंधन आले, पुढे इतर देशांतही तसे नियम झाले. लाखो गाड्यांच्या बेरजेत एक टक्काही कंपनीला मोलाचा, तुमच्या एका गाडीत तो जाणवतही नाही. म्हणूनच एकाच इंजिनाला एका देशातली पुस्तिका फक्त ०डब्ल्यू-२० सांगते आणि दुसऱ्या देशातली ५डब्ल्यू-३० लाही मोकळीक देते. भरधाव किंवा जड भाराने गाडी चालवणाऱ्याला जाड ग्रेड बरी पडेल, ही ओळ काही पुस्तिकांत असते. बारीक अक्षरात, पण असते.

याचा अर्थ सरसकट २०डब्ल्यू-५० ओता असा नव्हे. आमच्याच धंद्यातले काही जण 'जाड ते भक्कम' म्हणत तेच करतात, त्यांचाही मला तितकाच राग आहे. जाड ऑइलने प्रेशर जास्त दिसते, म्हणून प्रवाह वाढला असे होत नाही. थंड इंजिनात पंपाचा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल वर कॅमकडे जाण्याऐवजी आल्या वाटेने परत जाते. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, ती सुस्तावते ते वेगळेच. (मोटरसायकलवाल्यांनी तर कारचे पातळ ऑइल टाकूच नये. क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहावी.)

पुरवणीत ज्यांचा उल्लेखच नव्हता ते म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारी) पेट्रोल गाडी जवळच्या जवळ फिरवणारे. इंजिन पुरते तापत नाही, न जळलेले पेट्रोल ऑइलात उतरते. डिपस्टिकवर पातळी घटण्याऐवजी चढलेली दिसते, ऑइलला पेट्रोलचा वास येतो. म्हणजे २० ग्रेड टाकलेली असली तरी आत तिच्याहूनही पातळ काहीतरी फिरत असते. अशा गाडीत पुस्तिका परवानगी देत असेल तर मी ३० ग्रेड टाकतो आणि ऑइल मुदतीच्या आधीच बदलायला सांगतो.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक