आखूड पडलेली चादर

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मी मशीनवर बसलो, पण हात चालेना. कुणी एक माणूस काठी आपटत शाळेच्या दारात आला, पोरांसमोर तुला वाटेल ते बोलला आणि तू मान खाली घालून वर्गात परतलास. हे सांगताना तुझा आवाज लहानपणी गुडघा फुटल्यावर यायचा तसाच येत होता. अम्मी म्हणते, त्याला बदलीचा अर्ज करू दे. मी म्हटलं, आधी मला त्याला पत्र लिहू दे. फोनवर मला सुचत नाही.

प्रेषितांचे साथी हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांची गोष्ट तू दुकानात कात्रणांच्या ढिगावर बसून ऐकायचास, आठवतं? मी शिंपी, म्हणून सुरुवात नेहमी कपड्यांपासून करायचो. मक्केतला सगळ्यात देखणा तरुण. अंगावर तलम कपडे, पायात हद्रमौतच्या वहाणा, अत्तराचा शौक. आई खुनास बिंत मालिक श्रीमंत आणि करारी, लेकाला काही कमी पडू द्यायची नाही. सफा टेकडीजवळ हजरत अरकम यांच्या घरी प्रेषित मुहम्मद (स.) गुपचूप शिकवण देत. मुसअब तिथे गेले आणि मुसलमान झाले. घरी कळू दिलं नाही. पण कुणीतरी त्यांना नमाज पढताना पाहिलं आणि आईच्या कानावर घातलं. घरच्यांनी कोंडून ठेवलं. तिथून निसटले ते थेट हबशाला, आजच्या इथिओपियाकडे. परत आले तेव्हा अंगावर जाडंभरडं, आणि आईचा हात कायमचा आखडलेला.

इथवर येईतो तुला झोप लागायची. त्यामुळे पुढचं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं.

इ.स. 621 मध्ये हजच्या दिवसांत यसरिबहून, म्हणजे मदिन्याहून, 12 माणसं आली आणि मक्केजवळ अकबा इथे त्यांनी प्रेषितांच्या हाती शपथ घेतली. त्यांना कुरआन शिकवायला प्रेषितांनी मुसअबना धाडलं. फौज नाही, पैसा नाही, एक शिक्षक पाठवला. त्यांच्या जोडीला इब्न उम्मे मक्तूम होते, ते अंध. मदिन्याला मिळालेले पहिले शिक्षक हे दोघे. एकाला घर उरलं नव्हतं, दुसऱ्याला दिसत नव्हतं.

तिथे असद बिन जुरारा यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. एकदा मुसअब आणि असद एका बागेत विहिरीपाशी बसले होते, भोवती माणसं जमली होती. त्या भागातल्या कबिल्याचे दोन सरदार, साद बिन मुआज आणि उसैद बिन हुदैर. असद हे सादचे मावसभाऊ, म्हणून साद स्वतः आले नाहीत, त्यांनी उसैदना पाठवलं. उसैद भाला घेऊन आले आणि उभ्यानेच सुरू झाले: आमच्या भोळ्या माणसांना फसवायला आलात? जीव प्यारा असेल तर चालते व्हा.

मुसअब म्हणाले, "जरा बसून ऐकता का? पटलं तर घ्या. नाही पटलं, तर तुम्हाला जे नको ते आम्ही थांबवू."

उसैद म्हणाले, हे न्यायाचं बोललात. त्यांनी भाला जमिनीत रोवला आणि ते बसले.

रात्री मला सारखा तो रोवलेला भालाच दिसत होता. मुसअबनी भाला खाली ठेवा असं म्हटलंच नाही बघ. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक दिली, आणि ती मनापासून दिली. गिऱ्हाईक रागाने शर्ट काउंटरवर आपटतं तेव्हा मी आधी स्टूल पुढे करतो, टेप नंतर काढतो. उभ्या माणसाचं माप कळतं, पण त्याची तक्रार कळायला त्याला बसवावं लागतं. तू तिथे धर्म सांगायला गेला नाहीस, बाराखडी शिकवायला गेला आहेस, हे मला कळतं. पण परक्या गावात, दुसरी बोली बोलणाऱ्या पोरांमध्ये तू नवा आहेस. तो माणूस का चिडला होता, हे तू मला सांगितलं नाहीस. तुला तरी ठाऊक आहे का?

उसैदनी ऐकलं आणि त्यांना ते भावलं. मग साद आले, तेही तापलेलेच. त्यांनाही मुसअबनी तेच शब्द सांगितले, एकही जास्त नाही. संध्याकाळपर्यंत सगळा कबिला त्यांच्या बाजूला होता. पुढच्या वर्षी अकबाला त्या गावची 73 पुरुष आणि 2 स्त्रिया, अशी 75 माणसं आली. त्याच वर्षी प्रेषित मदिन्याला गेले. दार मुसअबनी आधीच उघडून ठेवलं होतं.

इ.स. 625, मदिन्याजवळ उहुदची लढाई, मक्केवाल्यांशी. झेंडा मुसअबच्या हातात होता. त्यांनाच प्रेषित समजून शत्रूने मारलं आणि प्रेषित गेल्याची आवई उठली. त्यांची बीबी हमना बिंत जहश. तिला आधी भाऊ गेल्याचं सांगितलं, मग मामा हमजा गेल्याचं. दोन्ही वेळा तिने इन्ना लिल्लाह म्हणून दुआ केली. नवऱ्याचं नाव निघालं तेव्हा मात्र तिने किंकाळी फोडली.

कफनाला मुसअबची एकच पट्ट्यांची चादर होती. डोकं झाकलं की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोकं. प्रेषितांनी सांगितलं, डोकं झाका आणि पायांवर इजखिर घाला. इजखिर म्हणजे आपल्या गवती चहाच्या जातीचं वासाचं गवत. हे खब्बाब (रजि.) यांनी सांगून ठेवलं आहे. ते लोहार होते, हातावर पोट असलेला माणूस. बेटा, मोहल्ल्यात कुणी गेलं की कफन फाडायला मला बोलावतात, तुला माहीत आहे. इजार, कमीस, लिफाफा, हे कफनाचे तीन कपडे, लिफाफा सगळ्यात बाहेरचा. लिफाफा दोन्ही टोकांना गाठ बसेल एवढा लांब घ्यायचा. दरवेळी कात्री लावण्याआधी मी हातभर कापड जास्तच मोजतो, आणि दरवेळी मला ते उघडे पाय आठवतात.

पुढे प्रेषितांचे दुसरे साथी अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्याकडे दौलत आली. एकदा रोजा होता, त्यांच्यासमोर जेवण ठेवलं. त्यांना मुसअबची चादर आठवली. म्हणाले, तो माझ्याहून चांगला होता. मग इतके रडले की जेवण तसंच राहिलं.

अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव. माझी सक्ती नाही. पण त्याआधी एकदा त्या माणसाच्या घरी जा, शाळा सुटल्यावर, एकटाच.

दोन शर्ट पोस्टाने पाठवले आहेत, जाड सुती, डोंगरातल्या थंडीला बरे. कॉलर साधीच ठेवली आहे. तुझं माप दिवाळीच्या सुट्टीतलं, म्हणून बाह्यांना इंचभर माया सोडली आहे. आखूड वाटल्या तर उसवून घे.

तुझे अब्बा