चीजच्या काउंटरवरून

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परभणीत तुमच्या फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गात सध्या चीज शिकवतायत, असं तू फोनवर म्हणालीस. ते चीज इथे अंधेरीत आमच्या काउंटरवर आल्यावर लोक त्याला काय काय विचारतात, ते तुला कळायलाच हवं.

भाव विचारायच्याही आधी पहिला प्रश्न असतो, "ताई, हे पक्कं व्हेज ना?" दूध जमवायला पूर्वापार वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. इटलीतलं अस्सल पार्मेजान आजही त्यावरच होतं. बुरशीपासून केलेलं रेनेट वापरलं असेल तर चीजला हिरवा ठिपका मिळतो. तरुण गिऱ्हाइकं तो ठिपका बघून पुढे सरकतात. पण आमच्याकडे एक जैन आजी येतात, त्यांना बारीक दिसत नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी पाकिटावरचं सगळं मोठ्याने वाचते, न कळलेलं पुन्हा सांगते, तेव्हा कुठे "दे शंभर ग्रॅम" म्हणतात. नातीला पिझ्झा हवा असतो. ज्या घरात कांदा-लसूणही येत नाही, तिथे हे शंभर ग्रॅम माझ्या शब्दावर जातात, बाळा. मला त्याचं फार वाटतं.

सलामी-हॅमचं, म्हणजे मांसाचं, कापायचं मशीन वेगळं, चीजचं वेगळं. सुऱ्या, चिमटे, हातमोजेसुद्धा वेगळे. तरी "त्याच सुरीने नाही ना कापलं?" असं कुणी विचारलं की नवी पोरं चिडतात. मी त्यांना सांगते, चिडू नका, सुरी दाखवा. विचारणारा आपल्या घरातल्या कुणासाठी तरी विचारत असतो.

श्रावणात सलामीचा ट्रे अर्धाच भरतो, नाताळात हॅमला रांग लागते. ते तुला ठाऊकच आहे, सुट्टीत पाहिलंयस.

सकाळचं पहिलं काम म्हणजे फ्रीजचं तापमान वहीत लिहिणं. काटा ५ अंशांच्या वर गेला की आधी सुपरवायझरना हाक. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, हे तुझ्या पुस्तकात एका ओळीत असेल. इथे मे महिन्यात काच सारखी उघडावी लागते, तेव्हा ती ओळ दिवसभर अंगावर बसलेली असते.

आणि वजन. कागद आधी काट्यावर ठेवून त्याचं वजन वजा करायचं, मगच माल. मापात पाप नको, हे तुझे आजोबा दुकानात म्हणायचे. परवा एका रिक्षावाल्या दादांनी पोरीच्या वाढदिवसाला ५० ग्रॅम चीज मागितलं. मागच्या बाई चुळबुळ करायला लागल्या. मी काप तितकेच पातळ काढले, प्रत्येकामध्ये कागद घातला, पुडी नीट बांधली. किलोभर घेणाऱ्याला जे मिळतं ते त्यांनाही मिळायलाच हवं.

आता तुझ्या कामाचं. बीपीवाले एक काका दर गुरुवारी येतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, पण चीज सुटत नाही. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम हवं, हे त्यांना पाठ आहे. पण पाकिटावरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. उद्या तू एखाद्या कंपनीत लागलीस आणि लेबल तुझ्या हातात आलं, तर ती अक्षरं मोठी करायला भांड. जागा नाही म्हणतील, तरी भांड.

तोवर एक कर. मिठाच्या पाण्यातलं फेटा चीज घरी साध्या पाण्यात भिजवलं तर मीठ उतरतं, असं इथे सगळे म्हणतात. किती वेळ भिजवायचं आणि खरोखर किती उतरतं, हे तुमच्या सरांना विचार. गुरुवारच्या आत कळव, काकांना सांगायचंय.

तुझी,
आई