बेसमेंटमध्ये गुडघे टेकून बसलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, बाळ काय म्हणतंय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता सुटका नाही.

त्या दिवशी तुम्ही आणि काकू बाळाला बघायला आलात. आमच्या गल्लीत पाण्याच्या मुख्य लाइनचं काम चालू होतं आणि तुमची गाडी त्या खड्ड्यापाशी अडली होती. आत येऊन चहाचा कप हातात घेतलात आणि विचारलंत, "घर कधीचं गं?" मी म्हटलं, 1926 चं. "आणि पाण्याचा नळ कसला?" तांब्याचा, मी ठामपणे सांगितलं. घर घेताना तपासणीच्या अहवालात तसं लिहिलं होतं. तुम्ही कप खाली ठेवलात. "बेसमेंट कुठे आहे?"

खाली मीटरपाशी तुम्ही टॉर्च धरलात. मीटरच्या पुढे घरात जाणारा नळ तांब्याचाच होता, पूजेच्या ताम्हणासारखा लालसर. पण जमिनीतून वर येऊन मीटरला मिळणारा हातभर तुकडा करडा, मळकट होता. जोडापाशी उंदीर गिळलेल्या सापासारखा फुगीर. तुम्ही खिशातून लोहचुंबक काढून लावलात. चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच खरवडलंत आणि खालून लख्ख चांदीसारखी रेघ निघाली. "शिसं," एवढंच म्हणालात.

मला आधी हसूच आलं. शिसं म्हणजे पेन्सिलीतलं, एवढीच माझी ओळख. (ते शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, हेही तुम्हीच सांगितलंत.) शिकागोत आमच्यासारख्या घरांना रस्त्यापासून आत शिशाचाच नळ घालायची सक्ती होती, 1986 मध्ये देशभर बंदी येईपर्यंत. असे सुमारे चार लाख नळ या एका शहरात आहेत म्हणे. मिशिगन तळ्याचं पाणी शुद्ध होऊन निघतं तेव्हा त्यात शिसं नसतं, ते आमच्या अंगणाखालच्या नळातून मिसळतं. पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याचा नळाला आतून थर बसतो, पण रस्ता खणताना हादरे बसले की तो थर सुटू शकतो. 2014 नंतर मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात काय झालं ते तुम्ही दोनच वाक्यांत सांगितलंत: नदीचं पाणी नळाला सोडलं आणि गंज रोखणारं रसायन घातलंच नाही. मग स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाची जाळी काढून माझ्या तळहातावर झटकलीत. रव्याएवढे करडे कण पडले.

खरी अडचण आईची होती. ती सांगोल्याची. पावसाळ्यात पाणी गाळून, उकळून प्यायचं यावर तिची हयात गेली. बाळाच्या पावडरच्या दुधाचं पाणी ती वीस-वीस मिनिटं खळखळा उकळत होती, आणि लवकर आधण यावं म्हणून गरम नळाचं घेत होती. ती म्हणाली, "उकळलंय ना, मग कसली भीती?" तुम्ही तिला ना आकडे सांगितलेत, ना घाबरवलंत. "ताई, आमटी आटवली तर मीठ उडून जातं का?" आई क्षणभर थांबली. "नाही, खारट होते." "तसंच. जंतू मरतात, शिसं मागे राहतं. आणि गरम पाण्यात ते जास्त उतरतं." त्या दिवसापासून गरम नळ भांडी घासण्यापुरता.

311 ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकावर, फोन करून तपासणीच्या मोफत बाटल्या मागवायला लावल्यात तेही बरं झालं. रात्रभर नळ बंद ठेवून पहाटे भरलेल्या पहिल्या बाटलीत शिसं 3 आलं, म्हणजे अब्जात तीन भाग. मी खूश. तुम्ही म्हणालात, ते घरातल्या तांब्याच्या नळात साचलेलं पाणी. अंगणाखालचं नंतर येतं. नंतरच्या बाटलीत 12 होतं. सरकारी मर्यादेची रेघ 15 ची, 2024 च्या नियमात ती 10 वर आणायचं ठरलं. पण ती रेघ पाणीखात्यासाठी, बाळासाठी सुरक्षित असा आकडाच नाही, हे तुम्ही अगदी हळू आवाजात सांगितलंत.

आमचा फिल्टर तर नुसता चव सुधारणारा निघाला! आता NSF/ANSI 53 या अमेरिकी मानकावर शिशासाठी प्रमाणित असलेला आणलाय, बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहिलीय. सकाळी आधी अंघोळी, मग पाच मिनिटं थंड नळ सोडून ठेवायचा. हे आईच्या जिवावर येतं. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावची बाई ती, बादली लावून ते सगळं पाणी फरशी पुसायला वापरते. बाळाच्या रक्ताची तपासणी झाली, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं. तो कागद हातात आल्यावर मी आधी तुम्हालाच फोन केला होता, आठवतं?

नळ बदलायचा अर्ज केलाय, नंबर लागायचा आहे. अर्धाच तुकडा बदलून देतो म्हणणाऱ्याला तुमचं ऐकून परत पाठवलं. कापाकापीत शिसं आणखी सुटतं, बदलायचा तर रस्त्यापासून मीटरपर्यंत सगळा.

एक कबुली राहिली. तुमचा लोहचुंबक शेजारच्या आजींनी नेला, त्यांच्याकडून समोरच्या घरी गेला, आणि आता नेमका कुणाच्या बेसमेंटमध्ये आहे कुणास ठाऊक. गणपतीपर्यंत शोधून आणून देते.

तुमची,
1926 च्या घरातली