दैमाबादची जनावरं प्रवरेकाठी दिसू द्या : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दैमाबादच्या कांस्यशिल्पांच्या प्रतिकृती मूळ जागी व श्रीरामपुरात बसवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. मागे शाळेची सहल मुंबईला नेली होती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलं एका काचेच्या पेटीपुढे रेंगाळली. आत चाकांवर उभा असलेला तांबूस-काळपट रेडा होता. आठवीतल्या एका मुलीनं पाटी वाचली आणि वळून विचारलं, "सर, दैमाबाद? म्हणजे आपलं दैमाबाद?" तिच्या मामाचं शेत दैमाबादच्या जुन्या वस्तीच्या टेकाडापासून हाकेच्या अंतरावर आहे. सुट्टीत ती तिथे शेळ्यांमागे हिंडलेली. तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तिचा वर्गशिक्षक असूनही मीसुद्धा नाही. ती खंत मनात आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याला माहिती असेलच, तरी लिहितो. १९७४ साली दैमाबादचे छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचं खोड खणून काढत असताना त्यांना जमिनीत चार शिल्पं सापडली. दोन बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव ओतीव आहेत. एकूण वजन ६० किलोंच्या वर. हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईला गेले, रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. प्रवरेच्या डाव्या काठावर, जिथून ती निघाली तिथे, आज त्यांची काहीही खूण नाही. बाहेरगावचा माणूस विचारत आला तर आम्ही हातानं उसाच्या पलीकडचं टेकाड दाखवतो.

रेड्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. उंची ३१ सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. पाय किंचित फाकलेले, अंग भरलेलं, शिंगं मागे वळलेली. रोज म्हशी धुणाऱ्या माणसाच्या हातूनच असं जनावर उतरू शकतं. ते एका चौथऱ्यावर आहे आणि चौथऱ्याला चार भरीव चाकं आहेत. हत्तीच्या चौथऱ्याखालीही चाकांची सोय आहे, पण आस आणि चाकं हरवलेली. रथात एक माणूस ताठ उभा आहे. त्याच्यापुढे दांडीवर एक कुत्राही उभा आहे, गाडीवानाच्या पुढ्यात आजही बसतो तसा. ही शिल्पं मिरवणुकीत ओढत असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत नेतात. ते पाहिलेल्या माणसाला हा रेडा परका वाटूच शकत नाही.

त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. दैमाबादला उत्खनन केलेले म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी ही शिल्पं उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातली मानली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याला हरकत घेतली, कारण ताम्रपाषाण काळातल्या इतर ठिकाणच्या वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही. गावात लावायच्या फलकावर या दोन्ही बाजू साध्या मराठीत याव्यात. गावकऱ्यांना वाद समजतात. पाटपाण्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली माणसं आहेत ही.

शिल्पं बाजूला ठेवली तरी ते टेकाड लहान नाही. सावळदा, उत्तर हडप्पा, दैमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तिथे एकावर एक मिळाले. हडप्पा लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा मिळाल्या. सिंधूकाठची लिपी आणि आमची प्रवरा यांची गाठ जिथे पडते ती जागा आमच्या तालुक्यात आहे. ज्या जोर्व्याच्या नावानं लाल रंगावर काळी नक्षी असलेली खापरं देशभर ओळखली जातात ते गावही आमच्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, याच नदीवर. खाली नेवाशाला याच प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण श्रीरामपूरची ओळख विचारा, साखर कारखाना आणि ऊस यापुढे कुणी जात नाही. कारखान्यानं घरं उभी केली, माझंही केलं. तरी शंभर वर्षांची ओळख सांगायची आणि चार हजार वर्षांची राहू द्यायची, हे मला सहन होत नाही.

इटलीत आरेझ्झो नावाचं शहर आहे. १५५३ साली तिथे तटबंदीचं काम चालू असताना इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांनी घडवलेला एक कांस्य प्राणी सापडला. धड सिंहाचं, पाठीतून बकऱ्याचं डोकं निघालेलं, शेपटीच्या जागी साप. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं तो आपल्याकडे नेला आणि तो आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. पण आरेझ्झोनं त्याला सोडलं नाही. शहरात त्याच्या प्रतिकृती उभ्या आहेत आणि जगभर त्याला आरेझ्झोचा किमेरा म्हणूनच ओळखतात. मूळ वस्तू दूर असतानाही एखादं गाव तिच्यावरचं आपलं नाव टिकवू शकतं, ते असं.

मूळ शिल्पं परत द्या, असं मी म्हणत नाही. उघड्या टेकाडावर ती ठेवणं वेडेपणा होईल, आणि मुंबईत ती नीट सांभाळली जात आहेत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं मागणं एवढंच, की चौघांच्या मूळ मापाच्या, कांस्यात ओतलेल्या प्रतिकृती करून घ्याव्यात. सिमेंटच्या, रंग दिलेल्या, दहापट मोठ्या नकोत. चौकाचौकांतल्या तशा पुतळ्यांची काय दशा होते ते आपणही पाहता. एक संच टेकाडाजवळ लहानशा बंदिस्त खोलीत ठेवावा. दुसरा श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर, जिथे शाळेची पोरं आणि बाजारकरी दोन्ही थांबतात. खाली पाटीवर छबू लक्ष्मण भिल्ल यांचं नाव ठळक असावं. शोधणाऱ्यांच्या यादीत एरवी उत्खनन करणाऱ्यांची नावं येतात आणि ज्याच्या कुदळीला वस्तू लागली तो राहून जातो.

आणखी एक. चारही मूळ शिल्पं एकदा तरी, महिनाभर का होईना, अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एकत्र यावीत. रथ दिल्लीत आणि जनावरं मुंबईत अशी ताटातूट झाल्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांनी ती चारही पाहिली असतील. पोलीस बंदोबस्त, विमा, वाहतूक यांचा खर्च येईल, आणि रथासाठी दिल्लीशी बोलावं लागेल. ते काम आपल्या पातळीवरच होऊ शकतं. शाळेच्या पत्रानं होणार नाही.

जमलं तर जिल्ह्याच्या बोधचिन्हात त्या चाकांवरच्या रेड्याला जागा द्यावी. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. तो रेडा आणि हा रेडा यांचा संबंध नाही हे मला ठाऊक आहे. पण इथल्या माणसाला रेडा चिन्ह म्हणून नवा नाही, हलका तर मुळीच वाटणार नाही.

आपण पाहणीला आलात तर टेकाड दाखवायला मी आणि आमच्या शाळेची मुलं केव्हाही येऊ. ती मुलगी आता नववीत आहे, मामाच्या शेतातून जाणारी जवळची वाट तिला पाठ आहे. पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा घोटाभर चिखल होतो आणि गाडी जात नाही. म्हणून दिवाळीनंतरचा एखादा दिवस ठरवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक इतिहास शिक्षक
श्रीरामपूर तालुका, जि. अहिल्यानगर