बाबांच्या चष्म्याबद्दल, आणि आई तुझ्याही

प्रिय आई, बाबा,

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. दोघांचे डोळे तपासायची वेळ मी पुढच्या शनिवारची घेऊन ठेवलीये आणि चष्म्याचा नवीन नंबर कळला की बाबांच्या चष्म्याच्या काचा बदलायच्या. दादाशी बोलणं झालंय, तो गाडी घेऊन सकाळी येईल, पैशाचं मी बघितलंय. बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरंय, पण विचारलं असतं तर तुम्ही 'चालतंय की अजून' म्हणाला असतात आणि आणखी एक वर्ष गेलं असतं. राग मानू नका. आणि फ्रेम तीच राहणार आहे, त्या फ्रेमला कोणी हात लावणार नाही, ती का ठेवायची ते मला माहितीये. तीच फ्रेम चांगली असेल तर नुसत्या नवीन काचा बसवून मिळतात.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही चष्मा काढलात, काचेवर तोंडाची वाफ सोडलीत आणि शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसलात. तेव्हा खिडकीतला उजेड नेमका काचेवर पडला होता आणि मधोमध बारीक रेघांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं मला. बरोबर तिथेच, जिथून तुम्ही वाचता. मग तुम्ही म्हणता हल्ली पेपरची छपाई फिकी येते, आणि आई म्हणते लाइट लावा, आणि तेवढ्यावरून दोघांचं वाजतं.

आपण काच म्हणतो पण हल्लीच्या चष्म्यात बहुतेक वेळा काच नसतेच, प्लास्टिक असतं. हलकं असतं, पडलं तरी सहसा फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात म्हणून वर एक कडक कोटिंग असतं आणि बऱ्याचदा त्याच्यावर दिव्याची चमक कमी करणारं आणखी एक. हे थर अगदी पातळ असतात. कोरड्या काचेवर जी धूळ बसलेली असते तिच्यात बारीक खडा असतो आणि कापडाने आपण तोच काचेवर घासत असतो. एकदा ओरखडा पडला की तो जात नाही. काकांनी सांगितलेली टूथपेस्टची युक्ती तर अजिबात करू नका, टूथपेस्टमधे घासणारी पावडर असते, तिने उरलंसुरलं कोटिंगही जाईल.

म्हणून आजपासून पुसायच्या आधी पाणी. एवढं एकच जरी पाळलंत तरी माझा जीव भांड्यात पडेल. सकाळी तोंड धुताना चष्मा नळाखाली धरायचा, साधं किंवा कोमट पाणी, गरम नाही, उष्णतेने कोटिंगला बारीक तडे जातात. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घ्यायचा (हात मऊ ठेवणारं क्रीम असलेलं नको, त्याचा तेलकट थर राहतो) आणि बोटांनीच काचा दोन्ही बाजूंनी, नाकावरच्या पॅडच्या मागे, कानाला लागतात त्या काड्या, सगळं हलक्या हाताने चोळायचं. धुवायचं, पाणी झटकायचं आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपायचं. मी पाठवतेय त्या पार्सलमधे भरपूर कापडं आहेत, एक मळलं की दुसरं घ्या, धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका नाहीतर काचेवर डाग उमटतात. खिडक्या पुसायचा स्प्रे पण नको, त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो.

आई, तुझा पदर जगात सगळ्यात मऊ आहे हे मी कोणाशीही भांडून सांगेन, माझे डोळे, नाक, शाळेत जायच्या घाईत माझा चष्मा, सगळं तू त्यानेच पुसलंस. पण आता चष्म्याला पदर नको गं. आणि काम करताना चष्मा डोक्यावर सरकवतेस ना, त्याने काड्या फाकतात, मग तो नाकावरून घसरतो आणि काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो तिथून तुला बघताच येत नाही, मान वर करून बघावं लागतं. तुझ्या मानेचं दुखणं त्यामुळेही असू शकतं असं मला वाटतं. दोन्ही हातांनी काढ, डबीत ठेव, काच खाली करून ठेवू नकोस, गॅसजवळ तर नकोच.

बाबांच्या नाकाजवळ जे हिरवं दिसतं ती बुरशी नाही, धातूतलं तांबं घामाने तसं होतं. पॅड बदलून मिळतात, स्क्रू पण तेव्हाच आवळून घ्या. काडी निघाली तर घरी सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. आणि रात्री उठलात तर आधी चष्मा, मग पाय खाली. मागच्या पावसाळ्यातलं परत नको आहे मला.

आता थोडं अवघड. चष्मा स्वच्छ धुऊनही धूसर दिसत असेल, रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे पसरट वाटत असतील, तर ते डोळ्यातूनही असू शकतं. मोतीबिंदू असला तरी घाबरायचं कारण नाही, छोटं ऑपरेशन असतं, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. काचबिंदू मात्र सुरुवातीला काही कळूच देत नाही आणि गेलेली नजर परत आणता येत नाही, म्हणून डोळ्यांचं प्रेशर बघितल्याशिवाय निघायचं नाही. मला जवळ राहून हे करता येत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

शनिवारी जुने चष्मे, नंबरचे जुने कागद आणि बीपीच्या गोळ्यांची यादी बरोबर घ्या. तपासायला डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा गॉगल न्या आणि बाबा, येताना गाडी दादाच चालवणार. झालं की आई तू फोन कर, बाबा नुसतं 'ठीक आहे' सांगतात. डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून पाठव, सगळी पानं.

तुमची,
छोटी