धोका पत्करणाऱ्याला तो सांगा

भारताच्या ‘गगनयान’ या अंतराळ मोहिमेतून माणसांऐवजी यंत्रमानवच पाठवावेत, असे सुचवणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखकाची काळजी खरी असली, तरी निष्कर्ष पटत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या निकामी होऊ शकतात, असे अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. व्यवस्थापनाने ते डावलले; यानात बसणाऱ्या सातजणांना त्याचा पत्ताही नव्हता. दोष त्यांच्या साहसाचा नव्हता. निवड त्यांची होती, पण माहिती अर्धीच होती.

धोका समजून दिलेल्या होकाराचा हाच मुद्दा दहीहंडीतही येतो. आमच्या ठाण्यात तिचे नऊ थर लागतात. २०१७ मध्ये थरांच्या उंचीवरील बंधन उठले, १४ वर्षांखालील मुलांना मात्र मनाई राहिली. कारण धोका समजून होकार देण्याचे ते वय नव्हे. आपले अंतराळवीर तर हवाई दलातील कसलेले चाचणी वैमानिक आहेत. त्यांना रोखण्यापेक्षा प्रत्येक चाचणीतील त्रुटी त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि उड्डाणास नकार देण्याचा अधिकार अखेरच्या क्षणापर्यंत त्यांच्याकडे असावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे