मुलींची फी माफ म्हणालात, मग शिक्षणातल्या एका वर्षाच्या गॅपचा दंड कशाचा?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

साहेब, 8 जुलै 2024 चा शासन निर्णय निघाला तेव्हा मी बारावी पास होऊन घरीच होते. वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. वडिलांना मोबाईलवर वाचून दाखवला. एप्रिलमध्ये त्यांचं उजवं अंग गेलं होतं, बोलता येत नव्हतं. नुसते रडले.

त्या वर्षी मी प्रवेश घेतला नाही. वडिलांना उठवायचं, मालिश करायचं, सरकारी दवाखान्यात न्यायचं, उरलेल्या वेळात आईसोबत विड्या वळायच्या. दिवसाला आईच्या हजार, माझ्या पाचशे. पान कापून कात्रीचे घट्टे पडले, तंबाखूचा खोकला अजून गेला नाही. रात्री अकरानंतर सीईटीचा अभ्यास. यंदा सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला नंबर लागला.

कॉलेजात खिडकीवर सांगितलं, गॅप आहे, सवलत बसत नाही, 92,000 भरा. मी शासन निर्णयाची प्रत पुढं केली, गॅपवाल्या मुलीला वगळल्याचं वाक्य दाखवा म्हटलं. दाखवलं नाही. वर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं. विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागणार नाही, असं तुमच्याच सरकारनं 2025 मध्ये जाहीर केलं ना? माझ्याकडून पाचशेच घेतले. माझ्या पाच दिवसांच्या विड्या गेल्या त्यात.

आणि कागदावर काय? ‘सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही.’ मग वर्षभर मी वळलं ते काय होतं, साहेब? सही करताना आईकडं बघवलं नाही मला.

2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय, मध्येच शिक्षण सोडता येईल, एका वर्षाचं प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका घेऊन परतता येईल. ते कुणासाठी? पैसेवाल्याचं पोरगं नीटसाठी लातूरला वर्ष घालवतं, ते ‘रिपीटर’. बाप अंथरुणाला खिळला म्हणून आम्ही थांबलो, तर संशयित. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान आमच्या कुंभारीत कामगारांसाठी बांधलेल्या 15,000 घरांच्या लोकार्पणाला आले. त्या घरांतल्या किती लेकी बारावीनंतर थांबल्या, का थांबल्या, हे विचारायला एक तरी अधिकारी आला का? घरं मोजता, माणसं कधी मोजणार?

सोमवारी फीची मुदत संपते. आईनं गळ्यातलं मोडायला काढलंय, मी तिला थांबवून ठेवलंय. तुमच्या निर्णयात जे लिहिलंय तेवढंच कॉलेजला लेखी कळवा. सोमवारच्या आत.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी
कुंभारी, सोलापूर